भूकंपाचा धक्का आणि पायाखालची जमीन

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली गाडी प्रथम थांबते ती विठ्ठलवाडी स्थानकात. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी स्थानके घेत ती घाटाच्या पायथ्याकडे जाते. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. परंतु तेवढ्यात खिडकीतून दिसणारी भूमी एकसारखी नाही. एका बाजूस मलंगगड व चंदेरी यांचे काळ्या कातळाचे कडे उभे आहेत, दुसऱ्या बाजूस उल्हास नदीचे सपाट खोरे पसरले आहे. या दोहोंच्या मधून, अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला वळसा घालून, वालधुनी नदी उल्हासनगर व विठ्ठलवाडीवरून कल्याणच्या खाडीकडे जाते. डोंगर, उतार, नदीकाठ, भातखाचर आणि खाजण अशी पाच तऱ्हेची जमीन या लहानशा टापूत एकमेकींना लागून आहे.

भूकंपक्षेत्रांच्या नकाशात मात्र हा सारा पट्टा एकाच रंगात दिसतो. भारतीय मानक १८९३ च्या २००२ व २०१६ सालच्या आवृत्त्यांमध्ये मुंबई आणि ठाणे परिसराचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात केलेला आहे. क्षेत्राचा हा क्रमांक उपयुक्त आहे. त्यावरून अभियंता इमारतीचे बळ ठरवितो. तथापि तो क्रमांक एका विस्तीर्ण प्रदेशाविषयी बोलतो. गावातील शाळेच्या पायाखाली हातभर खणल्यावर कातळ लागतो की दहा मीटरपर्यंत नुसता गाळ आहे, हे त्या नकाशातून कळत नाही. आणि एकाच धक्क्यात शेजारशेजारच्या दोन वस्त्यांपैकी एक सावरते व दुसरी कोसळते, याचे कारण पुष्कळदा नेमके तेथेच असते.

भूकंप आणि ठाणे जिल्हा

दख्खनचे पठार हे अतिप्राचीन व स्थिर असल्यामुळे येथे मोठे भूकंप होत नाहीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला बसलेल्या धक्क्याने तो पुसून टाकला. त्या भूकंपाची तीव्रता रिश्टर मापाने साडेसहाच्या घरात होती आणि सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी, सास्तूर परिसरात भूकंप झाला. त्यात जवळजवळ आठ हजार माणसे दगावल्याची शासकीय नोंद आहे. तो भाग त्यावेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या आवृत्तीत पहिले क्षेत्र रद्द करण्यात आले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात घेण्यात आला. आज विठ्ठलवाडी ज्या रंगात आहे त्याच रंगात किल्लारी आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

ठाणे जिल्ह्याला स्वतःचाही अनुभव आहे. शहापूर तालुक्यातील भातसा धरणात पाणी साठू लागल्यानंतर १९८३ साली त्या परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्या वर्षीच्या सप्टेंबरमधील मोठा धक्का पाच रिश्टरच्या थोडा आतील होता आणि खर्डी भागात घरांना त्याची झळ पोहोचली. भातसा धरण विठ्ठलवाडीपासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. पुढे नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या भोवती, महिनोन्‌महिने लहानमोठे धक्के बसत राहिले. आदिवासी पाड्यांतील लोकांनी कित्येक थंडीच्या रात्री उघड्यावर काढल्या.

या प्रदेशाचा खडकही सर्वत्र आडवा, अभंग असा पसरलेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर पनवेलपासून उत्तरेकडे, कल्याणच्या बाजूने जाणाऱ्या एका पट्ट्यात पश्चिमेकडे स्पष्टपणे झुकले आहेत. भूशास्त्रज्ञ त्याला पनवेलची वळी म्हणतात. वज्रेश्वरी व गणेशपुरी येथील उष्ण पाण्याचे झरे याच पट्ट्यात येतात. याचा अर्थ उद्या येथे मोठा भूकंप होणार असा मुळीच नाही; तसे भाकीत कोणत्याही शास्त्राला आज करता येत नाही. तथापि जवळचा मध्यम धक्का किंवा दूरच्या मोठ्या भूकंपाचा हेलकावा येथे पोहोचू शकतो, एवढे गृहीत धरूनच बांधकाम केले पाहिजे.

मऊ थरात धक्का का वाढतो

एका ताटात एका कडेला विटेचा तुकडा आणि दुसऱ्या कडेला खरवसाची मोठी वडी ठेवून ताट हलकेच हालवून पाहावे. वीट ताटाबरोबर जेवढ्यास तेवढी हलते. खरवस मात्र वरच्या अंगाला अधिक डोलतो आणि ताट थांबविल्यावरही क्षणभर डोलत राहतो. ताटाला दिलेला धक्का दोघांनाही सारखाच होता. कातळ आणि गाळ यांच्यातील भेद असाच आहे.

शास्त्रीय भाषेत त्याचे स्पष्टीकरण अवघड नाही. भूकंपाच्या आडव्या हेलकाव्याच्या लहरी अभंग काळ्या पाषाणातून सेकंदाला दोन किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने धावतात. नदीच्या मऊ गाळात शिरताच त्यांचा वेग सेकंदाला दीडशे-दोनशे मीटर इतका खाली येतो. लहरींनी आणलेली ऊर्जा वेग उतरला म्हणून नाहीशी होत नाही. ती थोड्या जागेत कोंडली जाते आणि हेलकाव्याचा विस्तार वाढतो. समुद्राची लाट उथळ किनाऱ्याशी येताना संथ होते आणि उंच होते, त्यातलाच हा प्रकार. वेग व घनता यांच्या गणिताने पाहिले तर कातळातून एकदम मऊ गाळात शिरणाऱ्या लहरीचा विस्तार तिप्पट-चौपटही होऊ शकतो. मध्ये मुरमाचा थर असेल तर हा बदल पायरीपायरीने होतो आणि वाढ काहीशी कमी राहते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. गाळाच्या थरात शिरलेली लहर वर जमिनीच्या पृष्ठभागावर आणि खाली कातळावर आपटून पुनःपुन्हा परतत राहते. त्यामुळे प्रत्येक थराला स्वतःची अशी एक लय प्राप्त होते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके झोके देत गेले की तो उंच जातो. अवेळी दिलेला जोराचा धक्काही वाया जातो. भूकंपाच्या कंपनांत थराच्या लयीशी जुळणारी कंपने असली की ती झोपाळ्याप्रमाणे वाढत जातात. यालाच अनुनाद म्हणतात.

थराची ही लय काढण्याचा हिशेब साधा आहे. थराच्या जाडीला चारने गुणावे आणि त्या थरातील लहरींच्या वेगाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ. समजा, वेग सेकंदाला दीडशे मीटर आहे. मग दहा मीटर जाडीच्या थराचा दोलनकाल सुमारे ०.२७ सेकंद, पंधरा मीटरचा ०.४ सेकंद आणि वीस मीटरचा ०.५३ सेकंद येतो. इमारतींनाही अशीच लय असते. काँक्रीटच्या चौकटीच्या इमारतीचा दोलनकाल ढोबळ मानाने मजल्यामागे एक दशांश सेकंद धरतात. म्हणजे तीन मजल्यांना ०.३ आणि पाच मजल्यांना ०.५ सेकंद.

हे दोन हिशेब शेजारी ठेवले की आपल्या परिसराचा प्रश्न उघड होतो. दहा ते वीस मीटर जाडीचा मऊ थर तीन ते पाच मजली इमारतींच्या लयीत डोलतो. उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि अंबरनाथचा जुना भाग येथील बहुसंख्य इमारती नेमक्या याच उंचीच्या आहेत. सर्वसाधारण समजूत अशी की, धोका काय तो नव्याने उभ्या राहणाऱ्या पंधरा-वीस मजली मनोऱ्यांना. परंतु मनोऱ्याची लय दीड-दोन सेकंदांची असते. नदीकाठच्या उथळ गाळाशी ती जुळत नाही. शिवाय त्याचा पाया बहुधा खडकापर्यंत नेलेला असतो. उथळ पायावर, नाल्याच्या काठी उभी असलेली जुनी चार मजली इमारत ही त्याहून अधिक काळजीची बाब आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज दाखविता येईल. लाकडी फळीवर वेगवेगळ्या लांबीच्या तीन-चार पातळ लोखंडी पट्ट्या उभ्या ठोकाव्यात आणि प्रत्येकीच्या टोकाला सारख्या वजनाचा मेणाचा गोळा चिकटवावा. फळी संथपणे हालवली की लांब पट्टी झुलते आणि आखूड स्तब्ध राहते. फळी भरभर हालवली की आखूड पट्टी झुलू लागते. फळी एकच, हालविणारा हात एकच, आणि तरीही प्रत्येक पट्टी आपल्या लयीलाच ओ देते.

मेक्सिको आणि अहमदाबाद

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. राजधानी मेक्सिको शहर तेथून साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे. एवढ्या अंतरावर धक्का बराच क्षीण व्हावयास हवा होता, आणि शहराच्या कठीण भूमीवर तो तसा झालाही. परंतु शहराचा मध्यभाग एका जुन्या, बुजलेल्या सरोवराच्या मातीवर वसलेला आहे. तेथील यंत्रांनी कठीण भूमीवरील धक्क्याच्या चौपट-पाचपट धक्का नोंदविला. सरोवराच्या मातीची लय सुमारे दोन सेकंदांची होती. त्यामुळे साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती सर्वाधिक कोसळल्या. त्यांच्याच शेजारची कित्येक बैठी, जुनी घरे सुखरूप राहिली. हादऱ्यांनी इमारतीला तडे गेले की ती सैल होते आणि तिची लय लांबते. दहा मजली इमारत अशा रीतीने दोन सेकंदांच्या लयीकडे सरकत गेली, ही त्यातील आणखी एक मेख.

आपल्या जवळचे उदाहरण अहमदाबादचे. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये भचाऊजवळ भूकंप झाला. अहमदाबाद तेथून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. तरीही त्या शहरात अनेक बहुमजली इमारती जमीनदोस्त होऊन सातशेहून अधिक माणसे ठार झाली. शहर साबरमतीच्या खोल गाळावर वसलेले आहे. पडलेल्या इमारतींपैकी पुष्कळांचा तळमजला वाहने ठेवण्यासाठी खांबांवर मोकळा सोडलेला होता. वर विटांच्या भिंतींनी ताठ झालेले मजले आणि खाली नुसते खांब, अशा रचनेत सारा हेलकावा त्या खांबांवर येतो. दोष जमिनीचा की बांधकामाचा, असा वाद घालण्यात अर्थ नाही. जमिनीने धक्का वाढविला आणि दुबळ्या खांबांना तो पेलला नाही. उल्हासनगरात ज्या इमारतींच्या तळमजल्यावर दुकानांसाठी भिंती काढून मोकळे गाळे केले आहेत, त्यांचीही रचना जवळजवळ अशीच होऊन बसली आहे.

किल्लारीचा धडा थोडा निराळा आहे. तेथील प्राणहानीला सर्वांत जास्त जबाबदार होत्या त्या दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांच्यावरचे मातीचे जड माळवद. घर एवढे कच्चे असले की जमीन कशी का असेना, ते टिकत नाही. म्हणून जमिनीचा विचार हा चांगल्या बांधकामाचा पर्याय नव्हे, हे येथेच सांगितलेले बरे.

दूरच्या भूकंपाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जलद, कडक कंपने अंतराबरोबर लवकर विरतात आणि संथ हेलकावे लांबपर्यंत पोहोचतात. शिवाय धक्का फारच जबर असला तर मऊ माती स्वतःच मोडून त्यातील काही जोर गिळून टाकते. मध्यम धक्क्यात ती तसे करीत नाही, नुसती वाढ करते. कोयना विठ्ठलवाडीपासून दोनशे किलोमीटरांच्या पुढे, पालघरचे क्षेत्र शंभरच्या सुमारास आणि भातसा चाळीसच्या आसपास. आपल्याकडे येणारा धक्का बहुधा मध्यम स्वरूपाचाच असणार, आणि मऊ जमिनीची करामत दिसते ती अशाच धक्क्यात.

डोंगरापासून खाडीपर्यंत

आता या पट्ट्यातील जमीन वरून खाली पाहत येऊ. माथ्यावर कातळ आहे. कातळ म्हणजे निर्धोक असे समजून कड्याच्या टोकावर घर बांधणे योग्य नव्हे. अरुंद डोंगरसोंडेच्या माथ्यावर लहरी दोन्ही अंगांनी एकवटतात आणि पायथ्यापेक्षा माथा अधिक हादरतो. १९७१ साली अमेरिकेतील सान फर्नांडो भूकंपात पाकोइमा धरणाजवळच्या एका अरुंद खडकाळ सोंडेवर बसविलेल्या यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या सव्वापट प्रवेग नोंदविला. त्या काळापर्यंत एवढा आकडा कोठेही नोंदविला गेला नव्हता. मलंगगडावर आणि आसपासच्या डोंगरांवर ज्या वस्त्या व यात्रास्थाने आहेत, त्यांच्याबाबत सुट्या दरडींचा प्रश्नही याला जोडूनच येतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी रायगडमधील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या वस्त्या दरडींखाली गाडल्या गेल्या. ही सर्व पावसाची कृत्ये होत. परंतु पावसाने सैल झालेला उतार धक्क्याची वाट पाहतच उभा असतो. पावसाळ्यात भूकंप झाला तर दोन्ही संकटे एकत्र येतील.

डोंगराच्या पायथ्याशी मुरमाची जमीन लागते. घरबांधणीस ती या पट्ट्यातील सर्वांत चांगली. मात्र उतार सपाट करण्यासाठी वरचा भाग खणून खालच्या अंगाला भराव टाकण्याची पद्धत हल्ली फार बोकाळली आहे. अशा जागेवरील इमारतीचे अर्धे पाय मुरमावर आणि अर्धे भरावावर उभे राहतात. धक्क्यात दोन्ही अर्धी वेगवेगळी हलतात आणि इमारत मधून फाटते. एकाच इमारतीखाली दोन तऱ्हेची जमीन असणे हे सबंध मऊ जमिनीवर असण्यापेक्षाही वाईट ठरू शकते.

त्याखाली नदीकाठ. वालधुनी आणि उल्हास या नद्यांनी आणून टाकलेला गाळ, भातखाचरांची चिकण माती, आणि मानवाने नाल्यांच्या कडेने ओतलेला राडारोडा हे सारे येथे एकावर एक साचले आहे. राडारोड्याच्या भरावाला गाळाइतकीही घट्टी नसते. २६ जुलै २००५ च्या महापुरात वालधुनी व उल्हास यांचे पाणी कल्याण, उल्हासनगर आणि बदलापूरच्या वस्त्यांत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. पुराची ही रेषा केवळ पावसाळ्याच्या कामाची नाही. पाणी जेथवर पसरते तेथवर नदीने आजवर गाळ पसरलेला असतो. पूररेषेच्या आतील जमीन मऊ असण्याचा संभव अधिक, असे प्रथमदर्शनी धरण्यास हरकत नाही. प्रत्येक नगरपालिकेच्या कपाटात असलेला पूररेषेचा नकाशा भूकंपाच्या दृष्टीनेही एकदा वाचून पाहावा.

शेवटी कल्याणच्या बाजूस खाडी, खाजण आणि रेती. पाण्याने भरलेली सुटी, बारीक रेती जोराने हादरली की तिचे कण एकमेकांवरील पकड सोडतात आणि सारा थर पातळ काल्यासारखा वागू लागतो. याला द्रवीभवन म्हणतात. जपानमधील निइगाता येथे १९६४ साली अनेक मजबूत इमारती अशा रीतीने न मोडता, अखंडच्या अखंड कलल्या. खांब, तुळया शाबूत. पायाखालची जमीनच वाहून गेलेली. चिकण मातीला हा धोका कमी, रेतीला जास्त. म्हणून खाडीकाठी नुसते ‘माती लागली’ एवढे म्हणून भागत नाही, कोणती माती हे पाहावे लागते.

जमिनीची परीक्षा

भारतीय मानक १८९३ मध्ये जमिनीचे तीन वर्ग केले आहेत: खडक किंवा कठीण, मध्यम आणि मऊ. २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांप्रमाणे एक सेकंद दोलनकाल असलेल्या इमारतीचे बळ ठरविताना खडकावर जेवढा भार धरावयाचा त्याच्या १.३६ पट मध्यम जमिनीवर आणि १.६७ पट मऊ जमिनीवर धरावा लागतो. मात्र ०.४ सेकंदापर्यंतच्या बुटक्या इमारतींना या मानकांत तिन्ही जमिनींवर एकच आकडा आहे. म्हणजे वर ज्या तीन-चार मजली इमारतींचा उल्लेख केला, त्यांच्या बाबतीत कोष्टकातून जमिनीचा भेद दिसून येत नाही. कोष्टक साऱ्या देशासाठी आहे, आपल्या नाल्याच्या काठासाठी नाही. शाळा, रुग्णालय, पाण्याची टाकी अशा महत्त्वाच्या बांधकामांसाठी त्या जागेची स्वतंत्र तपासणी करून घेणे हाच त्यावरील उपाय होय.

ही तपासणी फार खर्चाची नसते. छिद्र पाडून त्यात ६३.५ किलोग्रॅम वजनाचा घण ७५ सेंटिमीटर उंचीवरून पाडतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागले ते मोजतात. दहाच्या आत ठोके पडले तर जमीन मऊ, तिसाच्या वर गेले तर कठीण, असे स्थूल मान आहे. बांधकाम परवानगीसाठी आलेल्या कागदांत हा ठोक्यांचा तक्ता असतो. तो त्याच जागेवरचा आहे की शेजारच्या भूखंडावरून उचललेला आहे, एवढे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने पाहिले तरी पुष्कळ काम होईल. इमारतीच्या चारही कोपऱ्यांचे तक्ते सारखे आहेत काय, हेही पाहावे. ते सारखे नसतील तर भरावाचा संशय घ्यावा. जबलपूर, दिल्ली, गुवाहाटी अशा शहरांनी तर सबंध शहराच्या जमिनीचे असे बारकाईने विभाग पाडून नकाशे करून घेतले आहेत.

आधीच उभ्या असलेल्या इमारतींचे काय, असा प्रश्न उरतोच. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. तेव्हा भूकंप नव्हता. ज्या इमारती स्वतःचे वजन पेलू शकत नाहीत, त्यांच्या बाबतीत जमिनीची चर्चा करणे म्हणजे आजाऱ्याला पथ्य सांगत बसण्यासारखे आहे. त्यांची संरचनात्मक तपासणी आधी झाली पाहिजे. तपासणीचा क्रम लावताना मात्र जमिनीचा उपयोग होईल. सारख्याच वयाच्या दोन इमारतींपैकी एक मुरमावर आणि दुसरी नाल्याकाठच्या भरावावर असेल, तर भरावावरची आधी तपासावी. बैठी, वीटबांधणीची घरे व शाळाखोल्या यांना दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधून घेणारा काँक्रीटचा अखंड आडवा पट्टा असला की मोठे काम होते. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनातही अशा पट्ट्यांवर भर देण्यात आला होता.

अंबरनाथ आणि कल्याण तालुक्यांतील ग्रामपंचायतींना आणखी एक काम जवळजवळ विनामूल्य करता येण्यासारखे आहे. प्रत्येक गावात विहिरी खणल्या गेल्या आहेत, विंधनविहिरी घेतल्या गेल्या आहेत. किती फुटांवर माती संपली, कोठे मुरूम लागला, काळा पाषाण किती खोल निघाला, हे खणणाऱ्याला ठाऊक असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या दप्तरीही तिने पाहिलेल्या विहिरींच्या नोंदी असतात. गावचा नकाशा घेऊन त्यावर प्रत्येक विहिरीजवळ कातळाची खोली लिहीत गेले तर कोठे गाळ जाड आहे आणि कोठे खडक वर आला आहे, याचे चित्र आपोआप उमटते. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना भूगोलाच्या तासिकेत हे काम देता येईल. गावातील वयोवृद्ध मंडळींना जुना नाला कोठून वाहत होता, कोणते तळे केव्हा बुजविले, कोणते खाचर कायम चिबड असे, हे विचारून तेही नकाशावर मांडावे. नवीन शाळागृह, अंगणवाडी किंवा पंचायतीचे कार्यालय यांची जागा ठरविण्याच्या सभेत हा नकाशा टेबलावर असावा. गावात विनावापर पडून असते म्हणून जी जागा सार्वजनिक इमारतीसाठी सुचविली जाते, ती बहुधा सखल, पाणथळ किंवा भरावाची असते. शेतीला आणि घराला ती कोणी घेतली नाही, याला काही कारण असते.